नमूआत्याची मुंबई

आमच्या आगाशीच्या घरात संध्याकाळी एक काम ठरलेलं असे. दिवेलागणीच्या आधी ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत फिरायचं आणि जमिनीवर जे काही पडलं असेल ते उचलून भिंतीला लावायचं. पाट, बादली, कोयता, फुलांच्या परड्या, आमच्या चपला. हे काम माझ्याकडे होतं आणि त्यात कसूर झाली की बाबा जेवायला बसण्याआधी मला एकदा हाक मारत. ओरडत नसत. फक्त ती वस्तू दाखवत, की मी उठून ती जागेवर ठेवायची. हे सगळं नमूआत्यासाठी होतं. नमूआत्या ही बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं होतं, पण ऊन उतरलं की तिला दिसेनासं व्हायचं. सासरी पहिल्याच वर्षी ती दोनदा उंबऱ्याला अडखळून पडली. एकदा तर हातातली भाताची पातेली घेऊन. मग एका दुपारी तिचा दीर तिला एसटीने आगाशीला घेऊन आला, चहा न घेता परत गेला, आणि त्यानंतर तिकडून कोणी आलं नाही. मी तेव्हा लहान होते. माझ्या समजुतीप्रमाणे आत्या आमच्या घरात कायमचीच होती, जशी विहीर होती.

दिवसा मात्र तिच्यासारखं काम वाडीत कुणी करत नसे. आमची केळीची आणि फुलांची वाडी. सकाळी विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की त्याचा फटफट आवाज केळीच्या पानांतून घरापर्यंत यायचा आणि त्या तालावर आत्या मोगऱ्याच्या कळ्या खुडायची. उन्हाळ्यात आम्ही सुकेळी करत असू. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात पसरायची, रोज उलटायची, संध्याकाळी गोळा करून आत आणायची, असं सात-आठ दिवस, की मग ती आकसून मधासारख्या रंगाची होतात. कुठलं केळं झालं आणि कुठल्याला अजून एक दिवस हवा हे आत्या बोटाने दाबून सांगायची. सगळ्या आळीत तो वास भरून राहायचा. आज बाजारात सुकेळी चकचकीत पिशवीतून मिळतात. मी आणते, खाते, आणि दर वेळी मला वाटतं की याला अजून एक दिवस हवा होता.

आमच्या घरची बोली वेगळी होती. ती कागदावर उतरवायला गेले की खोटी वाटते, म्हणून आत्याचं आणि बाबांचं बोलणं मी इथे सरळ करून लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी जे आमच्याकडचे आहेत त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा वाकडं करून घ्यावं.

माझी दहावी झाली त्या सुट्टीत आत्या दिवसाही चुकायला लागली. समोर ठेवलेला पेला तिच्या हाताने कलंडायचा. बाजूने कुणी आलं की दचकायची. माझ्याशी बोलताना ती आधी माझ्या कपाळाकडे बघायची, मग डोळ्यांकडे, मग हनुवटीकडे, जणू चेहऱ्यावर काही शोधते आहे. माणिकपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मुंबईच्या एका मोठ्या धर्मादाय इस्पितळात जायला सांगितलं. बाबांना वाडी सोडता येत नव्हती, त्या आठवड्यात केळीचे घड उतरायचे होते. आईला पाटीवरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नसत. मला येत होती. म्हणून मी आत्याबरोबर गेले. मी आधी दोनदा मुंबईला गेले होते, दोन्ही वेळा दादरला लग्नासाठी. आत्या एकदाही गेली नव्हती. विरारहून गाडीने दीड तासावर असलेलं ते शहर, आमच्या वाडीची फुलं रोज तिथे जात, आणि तिने ते पाहिलेलं नव्हतं. आईने भाकऱ्या, लसणाची चटणी आणि पानात बांधलेली सुकेळी दिली. परतीची तिकिटं जातानाच काढली होती. वर बससाठी आणि चहासाठी पुरतील एवढे पैसे आईने माझ्या रुमालाच्या गाठीत बांधले आणि दिवेलागणीच्या आत घरी या असं तीन वेळा सांगितलं.

इस्पितळात आत्याच्या डोळ्यांत औषध न घालता आधी एका गोल पडद्यापुढे बसवून बरीच तपासणी झाली. मग तिला बाकावर थांबायला सांगून डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. घरचं मोठं कोणी आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी एक कागद घेऊन त्याची सुरळी केली आणि मला त्यातून बघायला लावलं. तुझ्या आत्याला असं दिसतं, म्हणाल्या. मधलं तेवढं दिसतं, कडेचं सगळं गेलं आहे. ही नळी अरुंद होत जाणार. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. किती दिवस, असं मी विचारलं. दोन वर्षं, फार तर तीन, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पंधरा वर्षांची होते. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

बाहेर आले तर आत्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन ताठ बसली होती. मी तिला सांगितलं की त्यांनी पुन्हा यायला सांगितलंय, औषध नंतर देणार आहेत. आत्याने माझ्या हातातला इस्पितळाचा कागद घेतला, डोळ्यांसमोर धरला, सगळ्या कोपऱ्यांतून नजर फिरवली. तिला वाचता येत नव्हतं, पण औषधाच्या चिठ्ठीवर किती ओळी असतात हे तिला ठाऊक होतं.

"बाय, खोटं नको बोलू. किती दिवस म्हणाली ती?"

मी सांगितलं. समोरून एक बाई लहान मुलाला घेऊन गेली, तिच्याकडे आत्याने मान वळवून वळवून बघितलं. मग पिशवी घेऊन उठली आणि म्हणाली, "आता किती वाजले?" मी म्हटलं, साडेअकरा. "मग आजच मुंबई बघून घेऊ. मला परत कोण आणणार?"

माझ्या रुमालाची गाठ केवढी होती हे मला माहीत होतं. तिकीट काढून बघायचं काहीच आम्हाला जमणार नव्हतं. पण आत्याला बघायचं होतं आणि बघायला पैसे पडत नाहीत असं तिचं म्हणणं होतं. आम्ही दुमजली बस पकडली, वरच्या मजल्यावर गेलो आणि देवाच्या कृपेने अगदी पुढच्या काचेमागची जागा रिकामी मिळाली. तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. रस्त्यावरची झाडं आमच्या तोंडावर येत होती आणि बाजूला होत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या घरांत लोक जेवत होते, एक म्हातारा दाढी करत होता, एका गॅलरीत पोपटाचा पिंजरा होता, आणि ते सगळं आमच्या खांद्याला लागून चाललं होतं. आत्या मान वर करायची, खाली आणायची, पुन्हा पुढच्या इमारतीवर वर न्यायची. एकेक मजला ती जिना चढल्यासारखा बघत होती. बोरीबंदरला उतरलो तेव्हा मी तिला म्हटलं, केवढं मोठं स्टेशन आहे बघ. तिला ते मोठेपण दिसलंच नाही. तिला दिसली एका खांबाच्या माथ्यावरची दगडी खार. मग पानांच्या नक्षीत बसलेला पक्षी. मग वरून वाकून बघणारं एक तोंड वासलेलं जनावर. मी इतकी वर्षं पुढे त्या स्टेशनासमोरून रोज गेले, पण ती खार मला आत्याने दाखवली म्हणून माहीत. ती म्हणाली, "एवढ्या उंचावर कोण बघणार म्हणून घडवणाऱ्यांनी कामात कसूर नाही केली." मग ती जो दिसेल त्या दगडाला हात लावत चालली.

संग्रहालयाचा घुमट आम्ही कुंपणाच्या गजांतून बघितला. मोठ्या दुकानांच्या काचांपुढे उभ्या राहिलो. एका काचेमागे फक्त एकच साडी होती, बाकी सगळं रिकामं, आणि एवढी जागा एका साडीला दिलेली बघून आत्याला हसू आलं. गेटवेला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. कमानीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. मला वाटलं होतं समुद्र बघून ती हरखेल. पण समुद्र आपल्या अर्नाळ्यालाही आहे, असं म्हणून तिने तो सोडून दिला आणि कमानीकडे तोंड करून बसली. बराच वेळ ती कमान बघत होती. डावा खांब, मग वर, मग मधला भाग, मग उजवा खांब, मग पुन्हा डावीकडे. तीन-चार वेळा तिने तसं केलं आणि मग मान खाली घातली.

"मला तुकडे दिसतात गं," ती म्हणाली. "उजवीकडचं बघेपर्यंत डावीकडचं जातं. मुंबई बघितली असं मी कुणाला सांगू? एकदा अख्खी दिसायला हवी होती."

त्या दिवसभरात ती तेवढी एकदाच खचली. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. पण तेव्हाच मला सावंतकाका आठवले. हे विरारच्या फुलपाड्याला राहायचे, मूळचे कोकणातले, आणि रविवारी सायकलने आमच्या वाडीवर केळी न्यायला यायचे. नरिमन पॉइंटला एका उंच इमारतीत ते लिफ्ट चालवत. माझी लिफ्ट पंचवीस मजले जाते, असं ते नेहमी सांगत, आणि बाबा दर वेळी नव्याने आश्चर्य दाखवत. इमारतीचं नाव मला पाठ होतं. आम्ही चालत निघालो. वाटेत दोनदा विचारावं लागलं. आत्याने माझा हात धरला होता आणि पदपथाच्या कडा मी तिला सांगत होते.

त्या इमारतीच्या दारात संगमरवरी पायऱ्या होत्या आणि वर दरवान. त्याने आमच्या पिशवीकडे आणि धुळीच्या पायांकडे पाहून आम्हाला बाजूच्या भिंतीशी उभं केलं. सावंतकाका आले ते खाकी कपड्यांत. वाडीवर येणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे हे कळायला मला एक क्षण लागला. मला बघून त्यांना वाटलं घरी काही झालं. मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, वर गच्चीला कुलूप असतं, बाहेरच्या माणसाला नेलं तर नोकरी जाते, याआधी एकाची गेली आहे. मी मान हलवली आणि परत फिरले. ते तिथेच उभे होते. आत्या भिंतीशी लिफ्टच्या पितळी दारावर बोट फिरवत होती, त्यावर कोरलेली वेल शोधत होती. सावंतकाकांनी ते बघितलं. मग म्हणाले, "पाच मिनिटं थांबा. पाण्याच्या टाकीवाल्याकडे गच्चीची किल्ली आहे."

लिफ्टमध्ये आम्ही दोघी मागच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. दार बंद झालं, पायाखालची जमीन वर आली, आणि आत्याने माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत तिथे लाल खूण होती. आठव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि पांढऱ्या शर्टातले एक साहेब आत आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग सावंतकाकांकडे. ही कोण, असं विचारलं. मला वाटलं, आता संपलं. सावंतकाकांनी हातातला लिफ्ट चालवायचा दांडा सोडला नाही. ते समोर बघत म्हणाले, "गावची माणसं आहेत साहेब. बाईंचे डोळे जाणार आहेत. मुंबई दाखवायला नेतोय." लिफ्टचा आवाज तेवढा येत राहिला. अठराव्या मजल्यावर साहेब उतरले आणि पाठमोरेच म्हणाले, "वर वारा फार असतो. धरून ठेवा त्यांना."

गच्चीचं दार उघडलं तेव्हा वाऱ्याने माझी वेणी तोंडावर आली. मोठाल्या पाण्याच्या टाक्या, त्यांच्यामागे छातीएवढा कठडा. मी आत्याला धरून कठड्यापर्यंत नेलं आणि मीच आधी पाहिलं. खाली समुद्राला लागून रस्ता वळत गेला होता, त्यावरच्या मोटारी तीळ सांडल्यासारख्या. पलीकडे टेकडी, तिच्यावर झाडीतून डोकावणारी घरं. मैदानं, घड्याळाचा मनोरा, ज्या घुमटासमोर आम्ही मघाशी गज धरून उभ्या होतो तो घुमट मुठीएवढा. मागे वळले तर तिकडेही पाणी, त्यात जहाजं. दोन पाण्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर ते सगळं. आणि आमच्या खाली एक घार तरंगत होती. घारीची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मग मी आत्याकडे पाहिलं. ती हलत नव्हती. सकाळपासून एक क्षण तिची मान स्थिर नव्हती, आणि आता ती समोर बघत नुसती उभी होती. मला वाटलं तिला काहीच दिसत नाही. मी घाबरून विचारलं, आत्या, दिसतंय का? तिने माझ्याकडे न बघता मान हलवली.

"मावलं," ती म्हणाली. "बाय, सगळं मावलं."

ते काय झालं हे मला त्या वेळी कळलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की नळीतून जवळचा माणूस बघितला तर नाक दिसतं, पण लांबचा डोंगर बघितला तर अख्खा डोंगर दिसतो. एवढं साधं होतं ते. डॉक्टरीणबाईंना ते ठाऊक असणारच, पण कुणाला गच्चीवर नेण्याचं त्यांच्या मनात कशाला यावं. वारा आत्याच्या पदराला ओढत होता आणि सावंतकाका तिच्या मागे दोन्ही हात पसरून, न शिवता, उभे होते. मग तिने आपली आगाशी कुठे, असं विचारलं. त्यांनी उत्तरेला धुरकट दिशा दाखवली. दिसत काही नव्हतं, पण ती तिकडेही बघत राहिली.

निघायची वेळ झाली तेव्हा तिने माझा हात सोडला. "बाय, तू त्या तिकडच्या टोकाला जा," ती म्हणाली. "त्या टाकीजवळ. उभी राहा."

मी गेले. गच्ची लांबच लांब होती. टाकीला पाठ लावून मी उभी राहिले आणि आत्या त्या टोकावरून माझ्याकडे बघत राहिली. मान न हलवता. वेणीपासून चपलेपर्यंत तिने मला एका नजरेत पाहिलं. मी हसले की नाही ते मला आठवत नाही. हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं एवढं आठवतं. मग तिने खूण केली आणि मी परत आले.

"केवढी मोठी झालीस," ती म्हणाली. "आईवर गेली आहेस. मला वाटत होतं आमच्यावर."

खाली आल्यावर तिने उरलेली सगळी सुकेळी सावंतकाकांच्या हातात दिली. ते नको म्हणाले नाहीत. त्यांची नोकरी टिकली. निवृत्त होईपर्यंत ते त्याच लिफ्टमध्ये होते. आता आमच्या विरारलाच त्याहून उंच इमारती झाल्या आहेत. मी स्वतः चौदाव्या मजल्यावर राहते. माझी नात लिफ्टमध्ये शिरते ती फोनमध्ये बघत आणि बाहेर पडते ती फोनमध्ये बघत, आणि मी तिला काही म्हणत नाही. पण गॅलरीतून आगाशीकडची उरलीसुरली हिरवी झाडं दिसतात, तिथे मी रोज सकाळी जाऊन उभी राहते.

त्या संध्याकाळी आम्ही आगाशीला एसटीतून उतरलो तेव्हा उजेड नुकता मावळत होता. बाबा थांब्यावर उभे होते. काय म्हणाले डॉक्टर, असं त्यांनी मला विचारलं. माझ्याआधी आत्याच बोलली. डोळे जाणार, म्हणाली, आणि मग त्याच दमात दगडी खारीचं सांगू लागली. बाबांनी तिची पिशवी घेतली आणि ते आमच्या पुढे चालू लागले. घरापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आई चुलीपाशी होती. ऐकता ऐकता तिने भाकरी थापायची थांबवली आणि आत्याने घार म्हटल्यावर पुन्हा थापायला घेतली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर आत्याला उजेड तेवढा कळायचा, पुढे तोही नाही. ती कळ्या खुडत राहिली, बोटांनी. आळीतल्या पोरी तिच्याभोवती बसत आणि ती त्यांना मुंबई सांगे. तिच्या सांगण्यात उगाच वाढवलेलं काही नसे. कुणी तिकडे जाऊन आलेली मुलगी चुकीचं बोलली तर, समुद्र तिथे डाव्या हाताला आहे, असं ती सांगे.

कॉलेज संपल्यावर मला फोर्टात एका कचेरीत नोकरी लागली. बाबा नको म्हणत होते. ते रागावले नव्हते, घाबरले होते. एवढं मोठं शहर, आपलं तिथे कोण आहे, पोरीला तिथे रोज कसं पाठवायचं, असं ते दोन दिवस ओटीवर येरझाऱ्या घालत बोलत होते. मीही जवळजवळ नको म्हणायला आले होते. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांनी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा आत्या कोपऱ्यात फुलं ओवत बसली होती. तिने सुई थांबवली.

"दादा, तू ती जागा बघितलेली नाहीस," ती म्हणाली. "मी बघितली आहे. जाऊ दे तिला."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पायांत चपला घातल्या आणि माझ्यासाठी सकाळच्या पहिल्या एसटीची वेळ विचारायला थांब्यावर गेले.